तांबडीचा पाय

आमच्या घरी कुणी आलं तर त्याच्या तोंडाकडे आधी कुणी बघत नाही, त्याच्या जनावराच्या पायाकडे बघतात. मी लग्न होऊन आले त्या दिवशी मामंजी दारात उभे होते, पण त्यांची नजर माझ्यावर नव्हती, आमच्या गाडीच्या घोड्यावर होती. "मागचा उजवा नीट टेकत नाहीये," असं म्हणून ते खाली बसले आणि घोड्याचा पाय मांडीवर घेतला. तो पाय होईपर्यंत मी नवी नवरी गाडीतच बसून राहिले.

खुरं साळायचा धंदा आमचा. गाईम्हशींची नखी वाढते, वाकते, चिखलात मऊ पडते, आत घाण शिरते आणि जनावर लंगडायला लागतं. मग आम्हाला बोलावणं येतं. लोखंडी खोडा हातगाडीवर टाकायचा, गोठ्यात नेऊन उभा करायचा, जनावर त्यात कोंडायचं, पाय दोराने वर बांधायचा आणि वाकड्या सुऱ्याने साळत साळत चांगल्या भागापर्यंत जायचं. साळायचं काम यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. दोर ओढणं, शेपटी धरणं आणि शेणाचे फटके खाणं माझं. संध्याकाळी यांचे गुडघे सरळ होत नाहीत आणि माझ्या केसांचा वास साबणाने जात नाही. तक्रार नाही. पोट त्यावरच भरतं.

यंदा पाऊस रेंगाळला. गोठे वाळायचं नाव घेईनात, जनावरं घोट्यापर्यंत राडीत उभी. असल्या हंगामात आम्हाला धड जेवायला फुरसत नसते. यंदा मात्र खोडा अंगणात रिकामा उभा होता आणि मी त्यावर कपडे वाळत घालत होते.

हे सगळं त्या फोनमुळे झालं.

मामंजींची कंबर धरली तेव्हापासून त्यांच्या हातातला सुरा सुटला. जन्मभर लोक "म्हाताऱ्याला बोलवा, त्याच्याच हातात गुण आहे" म्हणत आले, त्यांनीच खाट धरली. माणूस चिडचिडा झाला. यांनी काम करून घरी यावं आणि मामंजींनी खाटेवरून उलटतपासणी घ्यावी. किती खोल गेलास, कानस फिरवलीस का, टाच उंच तर नाही ठेवलीस. शेवटी कंटाळून यांनीच घरातला एकुलता एक फोन त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "बाबा, तुम्ही हातगाडीवर बसून या. काढा व्हिडिओ आणि घरी जाऊन बघत बसा माझ्या चुका."

मामंजींनी व्हिडिओ काढले. त्यात तोंड कुणाचंच नसे. यांचे हात, जनावराचा पाय, आणि मागून मामंजींचा आवाज, सावकाश, एखाद्याला शिकवावं तसा. "आता बघा, इथे काळं दिसतंय. काळ्याला घाबरायचं नाही. काळ्याच्या मागे जायचं." यांच्या चुलतभावाच्या मुलीने ते इंटरनेटवर कसे टाकायचे ते दाखवलं. आणि काय सांगायचं, जग लोटलं. ज्या देशांची नावं आम्हाला उच्चारता येत नाहीत तिथले लोक आमच्या गावच्या म्हशींचे तळपाय बघायला लागले. त्यांनी लिहिलेलं फोन आपल्या भाषेत करून दाखवायचा, मोडकंतोडकं. "आजोबा, तुझा आवाज मला झोप देतो." "आजोबा, मी आजारी आहे, रोज एक पाय बघतो." मामंजी ते मोठ्याने वाचायचे, पुन्हा वाचायचे, मग मला ऐकवायचे. "अख्खं जग माझ्या आवाजाने झोपतं आणि माझी सून तेवढी कटकट करते."

मी म्हणायचे, "जगाला कुठे तुमचं जेवण रांधायचंय."

खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही बरं वाटलं. म्हातारा पुन्हा अंघोळ करून, केस विंचरून कामावर यायला लागला होता.

पण जगाची खोड मामंजींच्या लवकर लक्षात आली. चांगला, नितळ पाय कुणी बघत नव्हतं. सडका पाय दिसला की लोक तुटून पडायचे. जितका पू जास्त तितकी माणसं जास्त. मग मामंजी गोठ्यात शिरले की निरोगी जनावरं ओलांडून कोपऱ्यातल्या लंगड्या जनावराकडे जायला लागले. एखाद्या गोठ्यात सगळ्यांचे पाय चांगले निघाले तर त्यांचं तोंड उतरायचं. ज्या माणसाने उभा जन्म पाय चांगले ठेवण्यात घालवला त्याचं हे तोंड बघून मला चीड यायची. मी त्यांचे व्हिडिओ बघायचेच सोडून दिले.

दूधवाल्याच्या गाईवरून ठिणगी पडली. आमच्याकडे सगळ्यात मोठा गोठा त्याचा. त्याचं काम मिळालं की आमचा हंगाम निघतो, नाही मिळालं तर नाही. त्याच्या एका गाईचं शिंग मोडकं आहे आणि कपाळावर पांढरा पट्टा. तिच्या पायाचं गळू यांनी फोडलं ते मामंजींनी जवळून घेतलं, आणि घेता घेता फोन जरा वर गेला. शिंगासकट गाय दिसली, पायाखालची राड दिसली. जगाने पाहिलं आणि गावानेही पाहिलं. गावातले लोक काही जगाबाहेर नाहीत, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं.

दूधवाल्याची गिऱ्हाइकं तुटली. तो आमच्या दारात आला आणि रस्त्यावरच्या लोकांना ऐकू जाईल असं बोलला. "माझ्या गोठ्यातला पू तुम्ही अख्ख्या जगाला पाजलात. आता माझं दूध कोण पिणार? पुन्हा माझ्या फाटकात पाय ठेवायचा नाही."

त्याच्या मागोमाग बाकीच्यांनीही दारं लावली. कुणी भांडलं नाही. "सध्या गरज नाही," एवढंच. शेजारणीची म्हैस माझ्यासमोर लंगडत जायची आणि शेजारीण मला सांगायची की हिची चालच तशी आहे.

हे बांधकामावर विटा उचलायला जायला लागले, उजाडताना जायचे आणि अंधार पडल्यावर यायचे. मी दुसऱ्यांच्या शेतात निंदायला. मामंजी घरी, आणि त्यांच्यासोबत फोन आणि आमची तांबडी गाय.

तांबडी लंगडतेय हे आधी मी बघितलं. पाणी पाजायला नेताना मागचा डावा ती नुसता टेकवायची, भार टाकायची नाही. मी यांना सांगितलं. हे तसेच विटांच्या धुळीने माखलेले गोठ्याकडे निघाले, तर मामंजी खाटेवरून म्हणाले, "मी बघितलंय. खडा रुतला होता, काढला. औषध भरून पट्टी बांधलीय. आता चार दिवस तिला हात लावायचा नाही."

"एकदा बघतो ना बाबा."

"का? मला दिसत नाही?"

संपलं. आमच्या घरात पायाच्या बाबतीत मामंजी बोलले की पुढे कुणी बोलत नाही. हे हात धुऊन जेवायला बसले.

दोन-तीन दिवसांनी मला वास आला. जन्म ज्या वासात गेला तो काय मी ओळखणार नाही? पट्टी ओली होती, गोणपाटाची, वर शेणाचा लेप. आम्ही पट्टी बांधतो ती कोरड्या फडक्याची. मी यांना म्हटलं, "अहो, तांबडीचा पाय वास मारतोय. पट्टी ओली आहे."

"पडलं असेल पाणी."

"तुम्ही एकदा सोडून बघा."

यांनी ताट बाजूला सारलं. खांद्यावर विटांनी कातडं सोललं होतं, त्यावर मी हळद लावलेली होती. "बाबांना खुरातलं कळत नाही असं म्हणायचंय का तुला? त्यांच्याकडे आता तेवढंच उरलंय. तेवढं तरी राहू दे."

मी ताट उचललं.

त्याच आठवड्यात हे दूधवाल्याकडे गेले. मला न सांगता गेले, पण मी मागून गेलेच. दूधवाला फाटकाच्या आत खाटेवर बसला होता, हे बाहेर उभे. तो आत या म्हणाला नाही. त्याने सुनावलेलं यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "फोन येणार नाही. बाबा येणार नाहीत. मी आणि ही, दोघंच. तुमच्या गाई राडीत उभ्या आहेत मालक. माझ्यावर राग काढा, गाईंवर नको." दूधवाला बराच वेळ दात कोरत बसला. मग म्हणाला, "रविवारी या. पण फोन दिसला तर खोड्यासकट बाहेर फेकीन."

परत येताना यांची चाल बदलली होती. घरी आल्यावर यांनी दोन्ही सुरे बाहेर काढले आणि अंगणात दगडावर घासत बसले. मी खोड्यावरचे कपडे काढले. मामंजींना सांगितलं तर ते म्हणाले, "जा, जा. बरं झालं. मला इथे काम आहे." मला वाटलं, म्हातारा रुसलाय.

रविवारी आम्ही हातगाडी ढकलत निघालो. रस्त्यात चिखल, चाक रुतायचं, हे पुढून ओढायचे आणि मी मागून रेटायचे. दूधवाल्याच्या फाटकापर्यंत पोचेस्तोवर माझे तळहात सोलले होते, पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. पहिली गाय खोड्यात घेतली. यांनी तिच्या पोटाखालून पट्टा घातला, मी दोर धरला. तेवढ्यात दूधवाला घरातून बाहेर आला, हातात फोन. त्याची दोन्ही मुलं आणि धार काढणारे गडीही त्याच्या मागे उभे राहिले.

"थांबा," तो म्हणाला. "आधी हे बघा. काल माझ्या मेहुण्याने पाठवलंय."

फोनमध्ये आमचा गोठा होता. तांबडीचा पाय होता, गोणपाट सोडलेला. आणि मामंजींचा तोच सावकाश आवाज. "कालच्यापेक्षा आज सूज बघा. हात लावला की गरम लागतंय. काळं आत चाललंय. मी अजून कापलेलं नाही. पूर्ण पिकू द्यायचं. मग तुम्हाला दाखवतो, एवढ्या आत गेलेला पाय कसा परत आणतात ते. उद्या पुन्हा भेटू." मग त्यांचा हात दिसला. डबक्यातलं पाणी ओंजळीने गोणपाटावर शिंपून त्यांनी ते पुन्हा पायावर बांधलं.

हे बघत राहिले. व्हिडिओ संपला तरी फोनकडेच बघत होते.

"असे किती आहेत माहिताय?" दूधवाला म्हणाला. "रोज एक. गावात पोरासोरांनी पाहिलेत. कधी कापणार म्हणून पैजा लागल्यात. आणि तू मला सांगतोस, गाई राडीत उभ्या आहेत?"

"मला माहीत नव्हतं," हे म्हणाले.

"तुझ्या गोठ्यात, तुझी गाय, आणि तुला माहीत नव्हतं. मग माझ्या गाईचं तुला काय कळणार?"

गड्यांमधला एकजण हसला. मला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं, पण हातात दोर होता आणि दोराला गाय. यांनी पट्टा सोडला, गाय मागे घेतली, खोडा पुन्हा गाडीवर चढवला. चढवताना कुणी हात लावला नाही. एरवी लावतात.

घरी मामंजी गोठ्यातच होते. फोन खुंटीला दोऱ्याने टांगलेला, त्याचं तोंड तांबडीच्या पायाकडे. तांबडी बसली होती. उठत नव्हती. यांनी फोन काढून गव्हाणीत पालथा टाकला आणि गोणपाट कापलं.

नखीच्या वरचा भाग टरारला होता. यांनी सुरा लावला. एरवी नखी कापताना कर्र आवाज होतो, हाताला जोर लागतो. इथे सुरा आवाज न करता आत गेला. काळं पाणी आलं, मग पिवळं, मग तो वास. यांनी कापलं, पुसलं, पुन्हा कापलं. तांबडीने मान वर करून एकदा बघितलं आणि खाली टाकली. चांगला भाग लागेचना.

"मी उद्या सांगणारच होतो तुला," मामंजी म्हणाले. ते भिंतीला धरून उभे होते. "उद्या कापायचं होतं. माझा हिशोब होता. याहून वाईट पाय मी उभे केलेत. आजवर एक पाय गेला नाही माझ्या हातून."

यांनी सरकून जागा केली. मामंजी कण्हत खाली बसले, कंबर धरून, आणि त्यांनी अंगठा कापलेल्या जागी आत घातला. डोळे मिटले. पाय बघताना ते नेहमी डोळे मिटतात. अंगठा थोडा फिरला आणि थांबला. मग बाहेर काढून त्यांनी तो धोतराला पुसला.

"सांध्यात गेलंय," ते म्हणाले, अगदी हळू.

"हो," हे म्हणाले.

"मला वाटलं होतं..." मामंजी म्हणाले. त्यांचा हात तांबडीच्या पोटरीवर होता, तो त्यांनी काढला नाही.

गुरांचा डॉक्टर येऊन गेला. म्हणाला, एक नखी मुळापासून काढावी लागेल आणि तरी उभी राहील याची खात्री नाही. आम्हालाही ते माहीत होतं. नखी काढली. तांबडी पडून राहिली. मामंजी दिवसभर तिच्याशेजारी बसतात, जखम धुतात, माश्या हाकलतात, भाकरीसाठी हाक मारली तरी उठत नाहीत. फोन ते मागत नाहीत. पण तो गव्हाणीत वाजत राहायचा. एकदा मी उचलून बघितला. बदाम, फुलं, रडकी तोंडं. गाय कशी आहे, गाय कशी आहे, आजोबा कुठे गेलास. मामंजी म्हणाले, "काय लिहिलंय?" मी म्हटलं, "तुमची आठवण काढतायत." ते खाली मान घालून जखम धूत राहिले आणि मला इतका राग होता तरी बाकीचं वाचून न दाखवता मी फोन पुन्हा पालथा ठेवला.

राग मला यांचाही आला. बापाला एक शब्द नाही. एकदा ओरडले असते, फोन दगडावर आपटला असता, तर माझा तरी जीव मोकळा झाला असता. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "ओरडून काय करू? त्यांना कळलंय. माझ्याआधी कळलंय." आणि विटा उचलायला निघून गेले.

गावात काम उरलंच नव्हतं. मग यांनी ठरवलं की टेकडीपलीकडे जायचं, जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही. फोन घरीच ठेवला. अर्धा दिवस आम्ही गाडी ओढली. टेकडीवर यांच्या गुडघ्याने दगा दिला, तर बसून फडकं आवळलं आणि पुन्हा उठले. पलीकडच्या गावात पहिल्याच घरी एक बाई फाटकाशी उभी होती, कडेवर चाऱ्याची पाटी. तिची काळी गाय तीन पायांवर उभी होती.

"खुरं साळतो आम्ही," हे म्हणाले. "हिला आजच बघायला पाहिजे. उद्यावर टाकू नका."

बाईने यांचा बापासारखाच आवाज ऐकला, मग हातांकडे बघितलं, मग खोड्याकडे. पाटी खाली ठेवली.

"ती तांबडी गाय तुमचीच ना?" ती म्हणाली.

मी यांच्याकडे बघितलं. म्हणाले असते नाही, तर मीही नाही म्हटलं असतं. एवढी वाट तुडवून आलो होतो.

"माझीच," हे म्हणाले.

"उठली का?"

"नाही उठत."

बाई फाटकाला हात लावून उभी राहिली. काळ्या गाईने उचललेला पाय पुन्हा टेकवायचा प्रयत्न केला आणि उचलला. "फोन आहे तुमच्याकडे?"

"नाही."

"पिशवी दाखवा."

मी भर रस्त्यात पिशवी उलटी केली. दोर, कानस, फडकी, औषधाची बाटली, भाकरीचं गाठोडं. तिने गाठोडंही सोडायला लावलं. मी सोडलं. तिने आत बोट घालून बघितलं आणि फाटक उघडलं.

गाय खोड्यात घेतली, पट्टा घातला, पाय वर बांधला. यांनी सुरा काढला तेव्हा बाई घरात जाऊन आली होती. तिच्या हातात तिचा फोन होता. आमच्यासमोर उभी राहून तिने तो वर धरला, अगदी यांच्या तोंडासमोर.

"मी काढणार," ती म्हणाली. "पायाला काही झालं तर माझ्याकडे पुरावा पाहिजे."

"कुठे टाकणार नाही ना बाई?" मी विचारलं.

"ते बघू मग."

मामंजींच्या कुठल्याच व्हिडिओत यांचं तोंड कधी आलं नव्हतं. मला वाटलं, आता हे सुरा ठेवतील, म्हणतील नको तुझं काम. यांनी बाहीने कपाळ पुसलं. फोनकडे एकदा सरळ बघितलं आणि मग खाली वाकून पायाकडे.

"शेपटी धर," हे मला म्हणाले. मी धरली.